कुलूप दुसऱ्याचें, दप्तर आपलें

पाटणहून एका वाचक भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या श्वशुरांनीं जुन्या मोडी कागदांवरून सिद्ध केलेला घराण्याचा कुलवृत्तान्त आतां घरच्या संगणकावर उतरविला आहे. परंतु 'रॅन्समवेअर' नामक प्रकारानें तो एका रात्रींत नाहींसा होईल अशी धास्ती मुलें घालतात, तींत तथ्य किती? प्रश्न एका घरचा नव्हे. खरेदीखतें, सातबाराचे उतारे, जन्मपत्रिका व लग्नाचीं छायाचित्रें ज्या घरीं संगणकांत जाऊन बसलीं आहेत, त्या प्रत्येक घरचा तो आहे; म्हणून त्याचें उत्तर येथेंच देतों.

रॅन्सम म्हणजे खंडणी. सामान्य चोर ऐवज घेऊन जातो; हा चोर पेटी जागच्या जागीं ठेवून तिला आपलें कुलूप घालतो आणि किल्लीसाठीं पैसे मागतो. घरगुती संगणकांस ज्यांचा उपद्रव फार झाला त्यांत 'स्टॉप' ऊर्फ 'डीजेव्हीयू' हें कूळ प्रमुख होय. तें दार फोडून येत नाहीं. बहुधा आपणच त्यास आंत घेतों. विकत घ्यावयाची एखादी आज्ञावली फुकट मिळावी म्हणून 'क्रॅक' नांवाची चोरटी प्रत उतरवून घेतली जाते. ती चालावी म्हणून 'अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, आणि आपण ती निमूटपणें पाळतों. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच.

पुढचें काम झपाट्यानें होतें. प्रत्येक फाईलचा आरंभींचा सुमारें दीडशे किलोबाइटांचा भाग तेवढा गूढलिपींत जातो; तेवढ्यानेंच ती उघडेनाशी होते. विंडोजनें स्वतः राखलेल्या जुन्या प्रतीही पुसल्या जातात. मग चिठ्ठी येते: अमुक इतके डॉलर द्या, ७२ तासांच्या आंत दिल्यास निम्मे. अशा वेळीं अडला हरी गाढवाचे पाय धरावयास निघतो.

ते धरूं नयेत असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाच्या आज्ञावलीनें मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर निकामी केले, आणि आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत त्या समूहाच्या धक्क्याचें काम खोळंबलें. पडद्यावर खंडणीची मागणी होती. पण किल्ली परत देण्याची सोयच त्या आज्ञावलींत नव्हती! मर्स्कचा कारभार सांवरला तो निराळ्याच कारणानें. कोणत्या संगणकास व माणसास कोठें प्रवेश, याच्या मुख्य नोंदवहीच्या प्रती एकमेकींशीं जोडलेल्या होत्या, म्हणून त्या साऱ्या गेल्या. आफ्रिकेंतील घाना देशांत असलेली एक प्रत मात्र त्या वेळीं वीज गेल्यामुळें तुटलेली होती. ती शाबूत राहिली, व तिच्यावरून पुन्हा उभारणी झाली. पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे पाटणकर त्रासतात. तेथें ती गेली म्हणून दप्तर वांचलें!

यांतील धडा एवढाच कीं, सदैव जोडलेली प्रत ही प्रतच नव्हे. यासाठीं मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या. एक संगणकांत, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क काम होतांच काढून कपाटांत, तिसरी परगांवीं, पुण्यामुंबईच्या मुलाकडे किंवा लेकीकडे. मूळ मोडी कागदांचे रुमाल, छायाचित्र घेतलें म्हणून, कदापि टाकूं नयेत. त्यांस असलें कुलूप लागत नाहीं.

दुसरें, संगणकाची दुरुस्ती वेळच्या वेळीं करावी. १२ मे २०१७ रोजीं पसरूं लागलेल्या 'वॉनाक्राय'नें दीडशेंवर देशांत हाहाकार उडविला. त्यावरील दुरुस्ती १४ मार्चलाच निघालेली होती. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तिचा नित्याचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे.

घाला पडलाच, तर इंटरनेट व बाहेरच्या डिस्का प्रथम तोडाव्या, चिठ्ठीचें छायाचित्र घ्यावें, आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कुलुपबंद फायली पुसूं नयेत. ऑक्टोबर २०१९ मध्यें एम्सिसॉफ्ट या संस्थेनें 'स्टॉप'च्या १४८ प्रकारांवर विनामूल्य तोड काढिली, तेव्हां ज्यांनीं फायली जपून ठेविल्या होत्या त्यांतील अनेकांस त्या परत मिळण्याची वाट झाली. नव्या प्रकारांची किल्ली सहसा मिळत नाहीं. पण संगणक चोरांच्या यंत्राशीं जोडला गेला नसेल, तर कुलुपाची किल्ली पुष्कळांची एकच असते, आणि ती पुढें सांपडूं शकते. डच पोलीस व युरोपोल आदींनीं २०१६ मध्यें चालविलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमांत अशा किल्ल्या फुकट मिळतात.

परंतु किल्ली शोधण्यापेक्षां प्रत राखणें सोपें. दर महिन्याच्या संकष्टीचा दिवस त्यासाठीं ठरवावा: डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, एखादी फाईल उघडून पाहावी, आणि डिस्क काढून ठेवावी. चंद्रोदयाची वाट पाहतांना हें सहज उरकतें.