गिलाव्याची धूळ ओढायची कशाने?

मैत्रिणींनो, उन्हाळा लागला की आपल्या बीड, माजलगाव, अंबाजोगाईकडे घरांची कामं निघतात. कुणाचं माळवद उतरवून स्लॅब पडतो, कुणाच्या भिंतींना नवा गिलावा आणि वर पुट्टी होते. गवंडी-रंगारी गेले की उरते पिठासारखी पांढरी भुकटी. तीनदा पुसा, चौथ्या दिवशी डब्यांच्या झाकणांवर पुन्हा आहेच! मग घरात व्हॅक्यूम क्लीनरचा विषय निघतो.

दुकानदार आधी वॅट सांगतो. वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते, एवढंच. आपण विचारायचं ते निराळं : ओढलेली हवा कशातून गाळून बाहेर पडते? साध्या यंत्राच्या कापडी पिशवीत केस, केर, शितं अडकतात. पुट्टीची भुकटी आरपार निघून मागच्या बाजूने घरभर उडते. शिवाय फिल्टर बुजतो, ओढ कमी होते, मोटर तापते. म्हणजे पैसे मोजून धूळ उडवायची!

तेव्हा ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं ड्रमचं यंत्र पाहावं. आत बदलायची जाड पिशवी हवी आणि पुढे हेपा फिल्टर. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे कण १०० पैकी ९९ हून अधिक अडवतो. खोक्यावर नुसतं ‘हेपासारखा’ छापलं असेल, तर त्यावर जाऊ नका. पिशव्या कुठे मिळतील, केवढ्याला, हे पैसे देण्याआधीच विचारा; त्या नाहीत तर यंत्र माळ्यावर जातं. पाणी ओढताना कागदी पिशवी काढायला विसरू नका. आणि हे यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, हजार-बाराशे वॅटचा भार त्याला सहसा पेलत नाही.

यंत्र घेतलं तरी पहिला हात त्याचा नको. ढीग सुपलीने हलकेच पोत्यात भरावा. फरशीवर ओला लाकडी भुसा पसरून झाडलं की धूळ उठत नाही आणि पाणीही तांब्याभरच लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याचं मोल वेगळं सांगायला नको. उरलेली बारीक धूळ तेवढी यंत्राने ओढावी. पीओपीची भुकटी मोरीत ओतू नये, ती पाइपात घट्ट बसते.

कोरड्या केरसुणीला मात्र माझा साफ विरोध आहे. वाळू-सिमेंटच्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. आपलं काम महिन्याभरात संपतं. पण भिंत घासणारा रंगारी आणि मागून केर काढणारी बाई एका घरातून दुसऱ्या घरात हीच धूळ खात असतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. यंत्राला हजारो रुपये घालतो, तर त्या दोघांना एन-९५ मास्क आपणच आणून द्यावेत. आणि जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू देऊच नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते रांगत्या लेकरांना फार बाधतं. पाणी मारूनच घासायला सांगा, लेकरांना तेवढे दिवस आजोळी धाडा.

पिशवी भरली की अंगणात, वारा पाठीशी घेऊन, तोंड बांधूनच बदला.