गोडसे भटजींची साक्ष

मोठी ऐतिहासिक घटना प्रत्यक्ष पाहणारा माणूस आतून पालटतो आणि त्याने सांगितलेले तेच खरे, असा एक रूढ समज आहे. त्याच्या उलट, उशिरा लिहिलेली आठवण पुरावा म्हणून कुचकामी, असे मानणारा पक्षही आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथापुढे हे दोन्ही पक्ष टिकत नाहीत.

पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ साली काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी योजलेल्या सर्वतोमुख यज्ञात भरघोस दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वाटेत महूजवळ त्यांना बंडाची बातमी कळली. पुढे मार्च १८५८ च्या अखेरीस इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीला वेढा दिला, तेव्हा ते शहरातच होते. ३ एप्रिलला इंग्रज आत शिरले आणि बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, सुरू झाली.

या अनुभवाने गोडसे क्रांतिकारक झाले नाहीत, राजकारणीही झाले नाहीत. मिळवलेला पैसा लुटीत गेला, तरी तीर्थयात्रा पुरी करून त्यांनी गंगेची कावड वरसईला आणली, त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले आणि पुन्हा भिक्षुकी धरली. घटनेने माणूस मुळापासून बदलतो, हे मत इथेच कोसळते. मात्र घटनेचा ठसा उमटलाच नाही, असेही म्हणता येत नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून हकीकत लिहिताना आपल्या हयातीत ती छापू नये, अशी अट त्यांनी घातली. राणीचे राज्य बुडाल्याला पाव शतक लोटले, तरी सरकारचा धाक या माणसाच्या मनातून गेला नव्हता. पुस्तक १९०७ साली निघाले, ते त्यांच्या पश्चात.

आठवण उशिरा लिहिली या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. इंग्रजांनी कलकत्त्यात राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे पुढे ठेवली, ही गोडशांनी नोंदवलेली कथा ऐकीव आहे. अशी सभा भरलीच नव्हती. तरीही बंडातल्या शिपायांच्या मनात काय खदखदत होते, याचा पुरावा म्हणून ती कथा मोलाची आहे. डोळ्यांनी पाहिलेल्याची गोष्ट वेगळी. लुटारूंनी आधी सोनेनाणे नेले, मग भांडीकुंडी, कपडे आणि शेवटी धान्यही. गल्लीबोळांत चिता पेटल्या. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उधळला गेला. हे तपशील नेमके एका भटजीच्या नजरेतून आलेले आहेत. पाणी, शिधा, स्नान, पोथी यांवर ज्याचे आयुष्य उभे, त्याला त्यांचा नाश विसरता येत नाही. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली थकलीभागली राणीही याच नजरेने टिपली आहे, आणि म्हणून ती पुतळ्यातल्या राणीपेक्षा जास्त खरी वाटते.

ताजेपणा हाच निकष मानला, तर मद्रास सॅपर्समधील डॉक्टर थॉमस लो यांचे पुस्तक वरचढ ठरावे. ते फौजेबरोबर होते आणि त्यांचे पुस्तक १८६० साली, म्हणजे दोनच वर्षांत, प्रसिद्ध झाले. पण ते लिहिले आहे जिंकणाऱ्याच्या बाजूने. जून १८५७ मध्ये झाशीत इंग्रज बायकामुलांसह मारले गेले, त्याचा राग फौजेत धुमसत होता. दारे लावून भीतीने बसलेल्या रयतेचे ते दिवस त्या बाजूने दिसणे शक्यच नव्हते. साक्षीचे मोल ठरवताना ती किती दिवसांनी लिहिली एवढेच विचारून भागत नाही. साक्षीदार कुठे उभा होता आणि त्याला काय गमावण्याची भीती होती, हेही विचारावे लागते.

म्हणूनच साक्षीदाराचा स्वतःचा आवाज जपणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य ठरते. वैद्यांनी हकीकत लिहवून घेतली आणि छापली, हे मोठेच उपकार. परंतु छापताना त्यांनी मजकुरात काटछाट केली, भाषेतही फेरफार केले. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखित जसेच्या तसे प्रसिद्ध केले, तेव्हाच वरसईच्या भिक्षुकाची खरी बोली वाचकांपर्यंत पोहोचली. झाशीचा अभ्यास करणाऱ्याने पोतदारांचीच प्रत हाती घ्यावी.