जुना हिशेब, नवा संगणक

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ची नियमित देखभाल थांबविली. कापसाचा हंगाम तोंडावर असतानाच ही तारीख आली. तेव्हापासून यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा येथील अडते, कृषी केंद्रवाले व छापखानेवाले यांना 'नवा संगणक घ्या' असा सल्ला चहूकडून मिळत आहे. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जुन्या प्रोग्राममधील हिशेबाचे काय करायचे, हे सल्ला देणारा सांगत नाही.

नव्वदच्या दशकात गावोगावच्या प्रोग्रामरांनी व्यापाऱ्यांना फॉक्सप्रोमध्ये खतावणी, उधारी व साठ्याचे प्रोग्राम करून दिले. ते डॉसवर चालत. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती मिळत असल्याने तिच्यावर असे प्रोग्राम बऱ्याच अंशी निभावून जात. विंडोज ११ मात्र केवळ ६४ बिटची आहे व तिच्यात १६ बिटच्या प्रोग्रामला मुळी जागाच नाही. त्यात आणखी गंमत अशी की, फॉक्सप्रो २.६ वेगवान यंत्रावर शून्याने भागाकार झाल्याची चूक दाखवून बंद पडते. यंत्र चपळ आहे, हाच त्याचा गुन्हा!

अशा वेळी 'सगळी नोंद पुन्हा करावी लागेल' असे सांगून मोठी रक्कम मागितली जाते. आमचे स्पष्ट मत असे की, यास लगेच मान डोलावू नये. फॉक्सप्रोचा हिशेब डीबीएफ नावाच्या फायलींत असतो. त्या एक्सेलमध्ये उघडतात; फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही उघडतात. म्हणजे प्रोग्राम मेला तरी ग्राहकाचे नाव, तारीख व बाकी जिवंत असते. ती आधी बाहेर काढून दोन ठिकाणी जपावी. प्रोग्राम कोणाचाही असो, हिशेब आपला आहे, ही जाणीव आपल्या व्यापारीवर्गात अजून पुरेशी नाही. प्रोग्राम घेताना 'माझी माहिती बाहेर कशी काढायची?' हा प्रश्न किती जण विचारतात?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. अपील चालू असल्यास त्याहूनही अधिक. तपासणीच्या वेळी 'संगणक बदलला' हे उत्तर चालणार नाही.

जुना प्रोग्राम पाहण्यापुरता चालू ठेवायचा असेल, तर डॉसबॉक्स हा मोफत उपाय आहे. पण तो मुळात जुन्या खेळांसाठी तयार झाला आहे. रोजच्या नव्या नोंदींचा भार त्यावर टाकू नये. दुसरा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक. त्याला इंटरनेट जोडू नये, कारण जुन्या प्रणालीला विषाणूंपासून संरक्षण नसते. जुना संगणक धडधाकट असेल, तर त्यालाच इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात ठेवणे सर्वांत स्वस्त.

छापखान्यांची अडचण वेगळी आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ सालची. जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसल्याने मजकूर दुसरीकडे नेताच अक्षरांचा काला होतो. येथे फॉन्ट-परिवर्तक वापरावा लागतो व नंतर मुद्रितशोधन अटळ आहे; जोडाक्षरे हमखास दगा देतात. काही जुन्या प्रोग्रामांचे कुलूप प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचावे लागे. नव्या संगणकांना सहसा ते पोर्टच नसते.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आपला प्रोग्राम, आपले कुलूप व आपला प्रिंटर विक्रेत्याच्या दुकानात नेऊन नव्या यंत्रावर बिल छापून पाहावे. आणि हे काम हंगामात काढू नये. कापूस-तुरीची गर्दी ओसरल्यावर, एप्रिलमध्ये नव्या खतावणीबरोबर बदल करावा व पहिला महिनाभर जुन्या-नव्या दोन्हींत नोंद ठेवून शिल्लक ताडून पाहावी.