दिलासा जरा जास्तच झाला

कचेरीतल्या टेबलाचा खण उघडतो. आत जुन्या कागदांचा एक गठ्ठा. खात्याचं काम अधिक चोख कसं करता येईल, याचा कधीकाळी उमेदीने लिहिलेला प्रस्ताव. साहेब त्याचं वरचं पान टरकन फाडतात, त्याने आपला शिक्का पुसतात, पान टोपलीत टाकतात आणि पुढच्या कागदावर शिक्का उमटवतात. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

अकिरा कुरोसावांच्या ‘इकिरू’मधला (१९५२) हा प्रसंग बघता बघता संपतो, पण कांजी वातानाबे या खातेप्रमुखाची तीस वर्षांची नोकरी त्यात मावली आहे. चित्रपटाची सुरुवातच त्याच्या पोटाच्या एक्स-रेवर होते. याला कर्करोग आहे आणि त्याला अजून पत्ता नाही, हे निवेदक सांगून टाकतो. ‘इकिरू’ म्हणजे जगणं. त्याचा ब्रिटिश रिमेक ‘लिव्हिंग’ (२०२२) मी गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला आणि दुसऱ्या रात्री मूळ चित्रपट लावला. दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर जे जाणवलं, ते आज लिहितो आहे.

कुरोसावांचे चित्रपट पश्चिमेने पूर्वीही उचलले. ‘सेव्हन सामुराय’वरून (१९५४) ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) झाला. ‘योजिम्बो’वरून (१९६१) सर्जिओ लिओनेने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला, तोही परवानगी न घेता, आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं. तिथे तलवारीच्या जागी बंदूक आली की निम्मं काम होत होतं. ‘इकिरू’मध्ये शस्त्र एकच, फाइल. गटाराचं पाणी साचलेल्या जागेवर मुलांसाठी बाग करा, असा अर्ज घेऊन वस्तीतल्या बायका येतात. त्यांना उद्यान खात्याकडे पाठवतात, तिथून आरोग्य, मग मलनिस्सारण, अग्निशमन, शिक्षण, थेट उपमहापौर, आणि शेवटी पुन्हा पहिल्याच खिडकीवर. असे हेलपाटे घातलेल्या माणसाला हा प्रसंग समजून घ्यायला जपानी यायची गरज नाही.

ही गोष्ट १९५३च्या लंडनमध्ये नेण्याचं काम काझुओ इशिगुरो यांच्याकडे आलं, ही या रिमेकची सगळ्यात मोठी जमेची बाजू. नागासाकीत जन्मलेले इशिगुरो पाच वर्षांचे असताना इंग्लंडला आले. भावना दाबून अदबीने वागण्याचं दोन्ही देशांतलं वळण त्यांना आतून कळतं. त्यांचा विल्यम्स लंडनच्या काउंटी हॉलमधला अधिकारी. बोलर हॅट, पट्ट्यापट्ट्यांचा सूट, ठरलेली आगगाडी. आयुष्यात त्याला एकच व्हायचं होतं, सभ्य गृहस्थ. आजार कळल्यावर तो कचेरीतल्या मार्गारेट या तरुणीला मनातलं सांगतो. रस्त्यावर खेळणारी मुलं आईची हाक आली की कुरकुरतात, भांडतात. पण एखादं मूल कोपऱ्यात बसून नुसती हाकेची वाट बघत असतं, ना आनंदी, ना दुःखी. आपण तसे झालो, ही त्याची भीती. मूळ चित्रपटात हे नाही, पण त्याच्या गाभ्यात शोभेल असं आहे. बिल नाय हे सगळं अगदी हलक्या, कोरड्या आवाजात बोलतात. त्यांच्या अभिनयाला आणि इशिगुरोंच्या पटकथेला ऑस्कर नामांकनं मिळाली, ती योग्यच होती. मूळ चित्रपटातलं गोंडोल्याचं जुनं गाणं बदलून इथे स्कॉटिश लोकगीत घेतलं आहे, तेही कुठे उपरं वाटत नाही.

वातानाबे साकारणारे ताकाशी शिमुरा मात्र वेगळेच. प्रदर्शनाच्या वेळी ते ४७ वर्षांचे होते आणि पडद्यावर पार वाकलेला म्हातारा दिसतो. डॉक्टर विल्यम्सला खरं सांगतात. वातानाबेला सांगत नाहीत. बाहेर बाकावर बसलेला दुसरा रुग्ण त्याला आधीच म्हणालेला असतो की साधा अल्सर आहे, वाटेल ते खा, असं सांगितलं तर ओळखायचं काय ते. आत डॉक्टर नेमकं तेच म्हणतात. वातानाबेच्या हातातून कोट गळून पडतो. इतकं क्रूर दृश्य ‘लिव्हिंग’मध्ये एकही नाही, आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते.

वातानाबे मरतो तेव्हा चित्रपटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक असतो. तो सगळा त्याच्या फोटोसमोर जमलेल्या सहकाऱ्यांचा. आजार कळल्यावर वातानाबेने पाठपुरावा करून उभ्या केलेल्या त्या बागेचं श्रेय उपमहापौरांनी आधीच लाटलेलं. वस्तीतल्या बायका येतात, उदबत्ती लावून हमसून रडतात, आणि अधिकाऱ्यांना मान वर करवत नाही. त्या गेल्यावर साके चढत जाते. बाग झाली ती योगायोगाने, निवडणुकीमुळे, अमक्या खात्यामुळे. हळूहळू एकेक आठवण निघते आणि मेलेला माणूस तुकड्यातुकड्यांनी उभा राहतो. मग सगळे रडत शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज येतो, नवा प्रमुख तो दुसऱ्या खात्याकडे ढकलतो. एक कारकून ताडकन उभा राहतो, इकडेतिकडे बघतो आणि पुन्हा खाली बसतो. कागदांच्या ढिगामागे त्याचं डोकंसुद्धा दिसेनासं होतं.

‘लिव्हिंग’मध्येही शपथ आहे, आगगाडीच्या डब्यात, आणि ती मोडतेही. पण थोडक्यात. उरलेली जागा विल्यम्सने तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्राला, त्या सहकाऱ्याच्या आणि मार्गारेटच्या प्रेमाला मिळते. पत्र सुंदर आहे, पण ते आपल्याला काय वाटावं हेही सांगून जातं. कुरोसावा आपल्याला त्या कारकुनांच्या पंगतीत बसवतात आणि उठू देत नाहीत. वातानाबे थोर होता हे त्यांना दाखवायचं आहेच, पण त्याहून जास्त, तो थोर होता हे समजूनही आपण उद्या फाइल पुढे सरकवणार नाही, हे दाखवायचं आहे. रिमेकने नायकावर प्रेम केलं आणि आपल्याला माफ करून टाकलं.

‘लिव्हिंग’ जरूर पाहा, तो मनापासून केलेला चित्रपट आहे. पण त्याच आठवड्यात ‘इकिरू’ही पाहा. तो १४३ मिनिटांचा आहे. वातानाबे गेला म्हणून मध्येच उठू नका.