मणक्याचा भग्न, यंत्रमानव आणि आपण

चिखली परिसरात झाडावरून, विहिरीत अथवा दुचाकीवरून पडून पाठीचा मणका मोडलेला रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्याकडे वा औषधी दुकानात आणला जातो. अलीकडे नातलगांचा आणखी एक प्रश्न असतो: रोबोटने ऑपरेशन करून घ्यावे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेणे आम्हांस उचित वाटत नाही.

यंत्रमानव स्वतः शस्त्रकर्म करीत नाही. स्क्रू कोणत्या कोनातून व किती खोल जावा हे सीटी स्कॅनवर आखले जाते. यंत्राचा बाहू त्या मार्गावर नळी स्थिर धरतो आणि स्क्रू सामान्यतः शल्यविशारदच बसवितो. छेद लहान राहतो, पाठीचे स्नायू हाडापासून फारसे सोडवावे लागत नाहीत, रक्तस्राव कमी होतो. हे लाभ खरे; परंतु ते मुख्यतः लहान छेदाचे आहेत, आणि तसे शस्त्रकर्म कुशल शल्यविशारद क्ष-किरणांच्या साहाय्याने यंत्रमानवाविनाही करतो. स्क्रूची अचूकता ही यंत्राची खरी देणगी. जाहिरातींत हा भेद नेमका पुसला जातो.

हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाब देत असेल वा मणका सरकला असेल, तर पुष्कळदा उघडे शस्त्रकर्मच करावे लागते. तेथे मोल वेळेचे असते. यंत्राच्या शोधात दूरच्या शहरी धावण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. शेत गहाण पडते ते वेगळेच. उलट भग्न स्थिर असून पायांतील शक्ती व संवेदना शाबूत असतील, तर अनेक रुग्णांना पट्टा व विश्रांती पुरते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात पृष्ठवंशाच्या भग्नासही कपाटशयन सांगितले आहे. रुग्णास फळीवर निजवून, खुंट्यांनी जखडून निश्चल ठेवावयाचे, हा त्याचा अर्थ. आपल्यापैकी काही जण मात्र पहिल्याच तासात तेल चोळतात, मणका ‘बसवितात’. (या कृत्यास शास्त्राधार कोठला, हे आम्हांस अद्याप कोणी दाखविलेले नाही.) लाक्षादी गुग्गुळू हाड सांधण्याच्या काळात अवश्य द्यावा, दबलेला मज्जारज्जू त्याने मोकळा होत नाही.

औषधी विक्रेत्या बंधूंना एवढीच विनंती, की पडलेल्या माणसासाठी कोणी मालिशचे तेल मागितले, तर बाटली देण्यापूर्वी विचारावे: पाय हलतात काय, मुंग्या येतात काय, लघवी झाली काय? एकाही उत्तरात शंका असेल, तर तेल न देता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णास उठवू वा बसवू देऊ नये.