कप, दार आणि बंदूक: ‘डेंजरस डेव्ह’चे पुनर्वाचन

स्मरणरंजन ही आस्वादाची पहिली पायरी असू शकते. तीच शेवटची मानली, की समीक्षेचे काम अडते. शालेय पाठ्यपुस्तकांतल्या कवितांबाबत हे आपण सहज मान्य करतो. लहानपणी पाठ झालेली कविता मोठेपणी पुन्हा वाचताना केवळ ‘किती छान दिवस होते’ एवढ्यावर कोणी मराठीचा अध्यापक थांबत नाही. संगणकावरील जुन्या खेळांच्या वाट्याला मात्र अजून तेवढेच येते. ‘डेंजरस डेव्ह’ हे नाव काढताच पस्तिशी-चाळिशीतला मराठी माणूस शाळेच्या संगणकखोलीविषयी, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांविषयी, एका संगणकामागे उभ्या असलेल्या चौघांविषयी भरभरून बोलतो. खेळाविषयी दोन वाक्येही बोलत नाही. हा खेळ एक रचना म्हणून वाचला पाहिजे, आणि त्या वाचनाची साधने साहित्याच्या विद्यार्थ्याजवळ आधीपासूनच आहेत, असे मला वाटते.

आधी संहितेचा इतिहास. जॉन रोमेरो या अमेरिकन तरुणाने हा खेळ प्रथम 1988 मध्ये ‘ॲपल टू’ संगणकासाठी लिहिला. आपल्याकडे पोचली ती 1990 मधली, ‘सॉफ्टडिस्क’ या कंपनीने काढलेली डॉस आवृत्ती. रोमेरोचे नाव पहिल्याच पडद्यावर होते. ते हजारो मुलांच्या डोळ्यांखालून रोज गेले. पण फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, संगणकावरून संगणकावर उतरत आलेल्या खेळाला लेखक असतो, हे कोणाच्या गावी नव्हते. छापखान्यापूर्वीच्या पोथ्या अशाच प्रवास करीत. नकलेमागून नक्कल होत जाई आणि कर्त्याचे नाव हळूहळू ओवीच्या लयीत विरून जाई. डेव्हचा शत्रू क्लाइड आणि त्याच्या गुप्त जागेतले सोने ही मूळ कथाही अशीच वाटेत गळाली. उरला तो लाल टोपी घातलेला एक माणूस, एक कप आणि एक दार.

हे उरलेले पुरेसे होते, हीच या रचनेची ताकद. दहा पातळ्यांच्या या खेळात कप घेतल्याशिवाय दार उघडत नाही. हा नियम कोणी समजावून सांगत नाही. पहिल्या पातळीत एकही शत्रू नाही. तेथे फक्त चालणे, उडी मारणे, कप आणि दार. व्याकरण आधी, वाक्य नंतर. आग, पाणी, हल्ला करणारे प्राणी हे सारे पुढे येते. ज्यांना पडद्यावरचे इंग्रजी वाचता येत नव्हते, त्यांनाही हा पाठ अडला नाही. मी हर्ण्याचा. मासळीच्या बंदरावरच्या या गावातून दापोलीच्या एका संगणकवर्गात आम्ही जात असू, तेव्हा एका कळफलकावर दोघे बसत: बाणांच्या कळा एकाकडे, गोळी झाडण्याची कंट्रोल आणि उडण्याची आल्ट दुसऱ्याकडे. दोघांत मिळून एक नायक. उडी कधी आणि गोळी कधी याविषयी जो वाद होई, तो अस्सल मराठीत होई, आणि ती त्या खेळाची पहिली समीक्षा होती.

आता घाटाकडे वळू. डेव्ह पडद्याच्या कडेशी पोचला, की खेळ क्षणभर थांबतो, चित्र सरकते, पुढचा भाग समोर येतो आणि मग खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणजे डेव्हचे जग वाहत नाही. ते पानापानांनी उलगडते. त्या काळच्या घरगुती संगणकाला संपूर्ण पडदा सतत नव्याने रंगवणे झेपत नसे, हे त्यामागचे कारण. ही कलात्मक निवड नव्हती, ही तांत्रिक मर्यादा होती, असा आक्षेप येथे घेता येईल. पण कर्त्याचा हेतू आणि कृतीचा परिणाम यांत फरक करायला साहित्याने आपल्याला केव्हाच शिकवले आहे. मर्यादेतून आलेल्या त्या थांब्यामुळे खेळणाऱ्याला पुढचे पान न्याहाळायला, बेत आखायला उसंत मिळे. वेळेची मर्यादा नव्हतीच. एका जागी उभे राहून कोळ्याची फेरी मोजणे, हाही खेळण्याचाच भाग होता.

ही मर्यादा त्याच वर्षी ओलांडली गेली. सप्टेंबर 1990 मध्ये जॉन कारमॅक आणि टॉम हॉल या रोमेरोच्या सहकाऱ्यांनी एका रात्रीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’ची पहिली पातळी संगणकावर हुबेहूब उतरवली आणि मारिओच्या जागी डेव्हला उभे केले. पडद्यावरचे जेवढे तुकडे बदलले तेवढेच पुन्हा काढायचे, या कारमॅकच्या युक्तीमुळे चित्र अखंड सरकू लागले. त्या नमुन्याला त्यांनी नावही ‘स्वामित्वहक्काचा भंग’ या अर्थाचे दिले होते. याच युक्तीवर डिसेंबर 1990 मध्ये ‘कमांडर कीन’ आला आणि फेब्रुवारी 1991 मध्ये ‘इड सॉफ्टवेअर’ ही कंपनी उभी राहिली.

माझ्या मते खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, आणि तो बंदुकीचा आहे. पहिल्या डेव्हमध्ये बंदूक सापडावी लागते, आणि पातळी संपली की ती हातातून जाते. पुढच्या दारापलीकडे डेव्ह पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहतो. बंदूक ही तेथे एक घटना आहे, नायकाची ओळख नव्हे. 1991 मध्ये याच मंडळींनी ‘डेंजरस डेव्ह इन द हाँटेड मॅन्शन’ केला. त्यात झपाटलेला वाडा आहे, रक्त आहे, आणि डेव्हच्या हाती पहिल्या पावलापासून बंदूक आहे. 1992 च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’त नायक पडद्याआड जातो, दिसतो तो त्याचा हात आणि हातातले शस्त्र. 1993 च्या ‘डूम’ने तोच दृष्टिकोन जगभर रुजवला. तृतीयपुरुषी निवेदनातून प्रथमपुरुषी निवेदनात जाण्याचा हा प्रवास कादंबरीच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. फरक एवढाच, की येथे ‘मी’च्या जागी बंदुकीची नळी आली. ज्याला डेव्ह मरताना दिसतो, त्याला मरण दुरून का होईना पाहावे लागते. ज्याला फक्त नळी दिसते, त्याला मरणारे सगळे ‘इतर’ दिसतात. तीन वर्षांत, त्याच हातांनी, हा बदल कसा झाला हे तपासायचे तर पहिला डेव्ह बारकाईने वाचावा लागतो. आठवणींचा गोडवा हाच प्रश्न झाकून टाकतो.

आमच्या गावासमोरच्या सुवर्णदुर्गाचेही असेच होते. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत त्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली, आणि किनाऱ्यावरून त्याची छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी वाढली. गौरवाला माझा विरोध नाही. पण किल्लाही वाचायचा असतो. पूर्वेकडे, म्हणजे जमिनीकडे तोंड करून असलेला दरवाजा, पायरीवरचे कासव, भिंतीवरचा मारुती, काठावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, या सर्वांतून एक वाक्य बनते. येणाऱ्याने कोठून यावे, कोठे अडावे आणि कोणाच्या नजरेखालून जावे, हे त्या रचनेत लिहिलेले आहे. 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सच्या तोफांनी ते वाक्य कसे मोडले, हे कळायलाही आधी ते वाचता यावे लागते. किल्ला आणि खेळ यांची थोरवी सारखी नाही, हे उघड आहे. पण दोन्ही माणसाच्या वाटचालीला आकार देणाऱ्या रचना आहेत, आणि केवळ अभिमान किंवा केवळ हळहळ यांनी दोन्ही सारख्याच अबोल होतात.

‘मग खेळ म्हणजे साहित्य काय?’ असे विचारले जाईल. नव्हे. तसा दावा करण्याची गरजही नाही. चित्रपट साहित्य नसूनही आपण त्याच्या निवेदनाविषयी बोलतो, ते बोलणे आपल्या कादंबरीवाचनालाही उपयोगी पडते. 2001 पासून एमएस-सीआयटीच्या निमित्ताने संगणक गावोगाव पोचला, आणि ज्यांनी पुढे मराठी घेऊन बी.ए., एम.ए. केले त्यांपैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकाबाहेरची पहिली रचना उलगडली ती कदाचित अशाच एखाद्या पडद्यावर. तो अनुभव वर्गात आणायची त्यांना अजून लाज वाटते, आणि ती लाज आपण अध्यापकांनी त्यांना दिली आहे.

कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत फ्लॉप्या केव्हाच बुरसल्या. खेळ मात्र वाचला आहे. डॉसबॉक्ससारख्या साधनामुळे तो आजच्या संगणकावरही चालतो. एखाद्या विद्यार्थ्याने ‘प्रथमपुरुषी निवेदन’ या विषयावर लिहिताना कादंबरीशेजारी डेव्ह आणि डूम ठेवले, तर त्याचा निबंध परत करू नये. आधी पहिली पातळी खेळून पाहावी, आणि मगच गुण द्यावेत.