निवड कीं उतरंड?

आमच्याकडील सुशिक्षितांच्या बैठकींत हल्लीं एक तक्रार मोठ्या आवडीनें केली जाते. वैद्यकाचे तरुण पदवीधर लोभी झाले. रेडिओलॉजी आणि त्वचारोग या दोन शाखांच्या मागें ते धांवत सुटले. प्रसूतिगृहांतील जागरणें कोणास नकोत, आणि खेड्याचें तर नांवच नको! हीच तक्रार करणारे गृहस्थ स्वतःच्या कन्येस रेडिओलॉजीची जागा मिळाली म्हणजे त्याच बैठकींत पेढे वांटतात, ही गोष्ट वेगळी. प्रस्तुत लेखकाची हरकत त्यांच्या दुटप्पीपणास नाहीं, त्यांच्या निदानास आहे. रोग विद्यार्थ्याच्या स्वभावांत आहे असें ते समजतात. आमच्या मतें तो त्यास ज्या सांच्यांत आपण ओततों त्या सांच्यांत आहे.

प्रथम ‘निवड’ हा शब्दच तपासून पाहूं. पदव्युत्तर प्रवेशासाठीं ‘नीट-पीजी’ ही देशव्यापी परीक्षा २०१२ सालाच्या अखेरीस प्रथम झाली. तिचें आजचें स्वरूप असें: २०० प्रश्न, साडेतीन तास, ८०० गुण, उत्तर बरोबर आलें तर चार गुण मिळावयाचे, चुकलें तर एक जावयाचा. एवढ्यावर विद्यार्थ्याचा क्रमांक ठरतो, आणि क्रमांकावर त्याचा जन्माचा उद्योग. त्याचा हात स्थिर आहे कीं कांपरा, लेंकराच्या रडण्यानें त्याचा जीव कळवळतो कीं कपाळ उठतें, माणसांच्या गर्दींत तो रमतो कीं सूक्ष्मदर्शकापाशीं एकटा, यांपैकीं एकहि गोष्ट त्यास कोणी विचारीत नाहीं. पहिल्या शंभरांत आलेल्या मुलानें शरीरक्रियाशास्त्राची जागा मागितली, तर घरचीं माणसें प्रथम त्याच्याच प्रकृतीची चौकशी करतील! चांगला क्रमांक ‘खालच्या’ शाखेवर खर्च करणें म्हणजे रुपया देऊन बारा आणे घेणें, अशी ही समजूत आहे. आणि खासगी महाविद्यालयांनीं शाखाशाखांच्या शुल्कांत जें जमीनअस्मानाचें अंतर ठेवलें आहे, त्यानें ती पक्की केली आहे. याला निवड म्हणूं नये. ही उतरंड आहे. वरचें मडकें उचललें गेलें कीं खालचें हातीं यावयाचें.

उतरंडीच्या तळाशीं काय उरतें तें पाहावें. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, औषधिशास्त्र, सूक्ष्मजंतुशास्त्र! वैद्यकाचा पाया ज्या विषयांनीं घातला जातो, त्यांच्याच जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात. २०२३ च्या सप्टेंबरांत तर त्या परीक्षेची पात्रतेची मर्यादा सर्व प्रवर्गांसाठीं शून्य पर्सेंटाइलवर आणण्यांत आली. म्हणजे परीक्षेस जो बसला तो पात्र. जागा भराव्यात हा हेतु. पण उद्यांच्या सर्व डॉक्टरांस पहिल्या वर्षीं जो शिकविणार, तो त्या आसनावर नाइलाजानें येऊन बसावा, हें आम्हीं किती सहज मान्य केलें!

वास्तविक या ‘खालच्या’ शाखांचें ऋण मुंबईनें तरी विसरूं नये. १८९६ सालीं शहरांत प्लेग आला, तेव्हां भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत वाल्डेमार हाफकिन लस तयार करीत बसला होता, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यानें आधीं स्वतःस टोंचून घेतली. वैद्यकाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. तो जंतुशास्त्रज्ञ होता. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली तेव्हांहि बाधित कोण आणि निरोगी कोण हें कळण्यासाठीं देश पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे आणि ठिकठिकाणच्या सूक्ष्मजंतुशास्त्र विभागांकडे डोळे लावून बसला होता. सांथ ओसरली, आणि तो विभाग पुन्हां जिन्याखालच्या खोलीच्या योग्यतेचा झाला.

लोभ नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लोभाच्या जोडीस भय आहे, आणि त्याविषयीं बैठकींत कोणी बोलत नाहीं. वैद्यकीय सेवा ग्राहक-संरक्षण कायद्याच्या कक्षेंत येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. तो योग्यच होता. रुग्णास दाद मागतां आलीच पाहिजे. पण पहांटे तीन वाजतां अडलेल्या बाळंतिणीपुढें उभा राहणारा डॉक्टर कोर्टापेक्षां दाराबाहेरच्या जमावास अधिक भितो, आणि त्या जमावापासून त्याचें रक्षण करण्यास बहुधा एक पेंगणारा पहारेकरी असतो. ऑगस्ट २०२४ मध्यें कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयांत पाळीवर असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर जागरणाची शाखा घे म्हणून मुलीस कोणत्या आईनें सांगावें?

त्यागाचे उपदेशक येथें आनंदीबाई जोश्यांचें नांव काढतात. काढावें, पण नीट काढावें. १८८६ सालीं फिलाडेल्फियास त्यांनीं पदवी घेतली ती हिंदु आर्यांतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. आपलें तान्हें मूल गमावलेल्या त्या बाईस या देशांतील बायकांची गरज कोणी प्रश्नपत्रिकेंतून शिकविली नव्हती. ती त्यांनीं भोगलेली होती. आजच्या विद्यार्थ्याचीं साडेचार वर्षें मोठ्या रुग्णालयांत जातात. तेथें विशेषज्ञ हा राजा. घराण्याच्या तीन पिढ्या ओळखणारा डॉक्टर त्यास एकदांहि दिसत नाहीं. जें पाहिलेंच नाहीं तें त्यानें निवडावें कसें?

परीक्षा मोडून मुलाखती घ्या असें सुचविल्यास वशिल्याचें राज्य येईल, ही शंका खरी आहे. परीक्षा असूं द्या. पण महाराष्ट्रांत सरकारी महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. तें वर्ष आज प्रश्नसंचांच्या पारायणांत आणि दिवस मोजण्यांत जातें. त्या वर्षीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याच्या शेजारीं एक जाणता वरिष्ठ बसवा. तालुक्याच्या प्रसूतिगृहांत रात्रीं दोन धडधाकट पहारेकरी ठेवा. प्रयोगशाळेंत काम करूं इच्छिणाऱ्यास तेथें तीन महिने राहूं द्या. आणि शरीररचनेच्या अध्यापकास रुग्ण तपासणाऱ्या अध्यापकाच्या तोडीचा मान व मिळकत द्या. एवढें करून पाहिल्यावरहि सर्व तरुण रेडिओलॉजीच्याच दारीं उभे राहिले, तर त्यांस लोभी म्हणण्यास आम्हीहि त्या बैठकींत येऊन बसूं.